माळ्यावरचा दुसरा हंडा

हंडा आहे मी. स्टीलचा, पण टिचकी मारली की टणटण वाजणाऱ्या हल्लीच्या पातळ भांड्यांतला नव्हे. माझं बूड जाड आहे, पोटाला पोचे आहेत, आणि एक कान जरा वाकडा आहे. मित्रांनो, त्या वाकड्या कानाला सध्या सुतळीनं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीय. मला वाचता येत नाही. मला कोण घालणार शाळेत? पण बांधणाऱ्या कारकुनानं ती मोठ्यानं वाचली होती : 'कोर्टाच्या ताब्यातली वस्तू. हात लावू नये.'

हात लावू नये! ज्याला दिवसातनं दोनदा माणसाचा हात लागला नाही तर त्याचं सगळं नासतं, त्याच्या कानात ही चिठ्ठी. आता हसू की रडू, तुम्हीच सांगा.

बसा जरा. सांगतो सगळं.

माझा जन्म हाँगकाँगातला, हुंग होमच्या एका बोळातला. तिथं एक कारागीर दिवसभर पत्रा ठोकत बसायचा. माझ्या वेळेला त्याच्या डोक्यावर एक काळसर, हडकुळा पोरगा उभा. "बुडाला कंजुषी नको हां. रस्सा करपला तर आणून तुझ्याच दारात ओतीन." कारागीर हातोडा न थांबवता म्हणाला, "आधी लग्न कर बाबा. बायकोनं ओरडायचं ते तूच ओरडून घेतोयस."

तो पोरगा म्हणजे शे मुकसाम, माझा मालक. चीनमधल्या स्वाताव बंदराहून बोटीनं आलेला. बदकं शिजवणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली बरीच वर्षं राबला होता, आणि आता कौलून सिटीत स्वतःचं दुकान टाकत होता. शेगडी, बदकं टांगायचे आकडे, ती तोडायचा लाकडी ठोकळा, सगळं बाजारात मिळालं. एक गोष्ट कुठल्याच बाजारात मिळत नाही, ती म्हणजे रस्सा.

आमचा रस्सा काळाभोर. सोया, खडीसाखर, चक्रफूल, दालचिनी, वर ठेचलेलं कुळिंजन. त्यात बदकं शिजतात, बाहेर निघतात, पण रस्सा कधी टाकायचा नसतो. आजच्या बदकाची चव उद्याच्या बदकाला. विरजणासारखं, जुन्यातनं नवं. त्याची अट एकच. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी सणसणीत उकळी द्यायची, मग कुणाचं लग्न असो की मयत.

दुकान उघडायच्या दिवशी उस्ताद स्वतः आला. रीत अशी, की घेणाऱ्यानं आपल्या हंड्याच्या दोन्ही कानांना लाल कागद बांधायचा, कान धरून उभं राहायचं, आणि देणाऱ्यानं ओगराळ्यानं वाढायचं. उस्तादानं आपल्या हंड्यातला बरोबर अर्धा रस्सा माझ्यात ओतला. शे रडायलाच आला. म्हणाला, "उस्ताद, तुमचं अर्धं गेलं की हो."

उस्ताद म्हणाला, "अरे खुळ्या, दोन्हीत पाणी घाल, हाडं घाल, मसाला घाल, आणि उद्या येऊन चाख. त्याचं अर्धं कुठं गेलं ते मला शोधून दाखव."

दुसऱ्या दिवशी दोन्ही हंड्यांची चव एकच. एवढीशी गोष्ट, पण विसरू नका. पुढं माझ्या घरातली सगळी माणसं ती विसरली.

मग सुरू झाले माझे कामाचे दिवस. काय दिवस होते! तेव्हा विमानतळ अगदी शेजारीच, विमानं आमच्या छपरांना घासत उतरायची. एक विमान आलं की माझं झाकण थडथडायचं आणि शे वर बघून ओरडायचा, "अरे हळू! रस्सा हिंदकळतोय!" जणू पायलटला ऐकू जातंय. गिऱ्हाईक हसायचं, आणखी अर्धं बदक घ्यायचं. 'शेच्या हंड्यातलं बदक' म्हणायचे लोक. शेचं बदक नाही बरं का, शेच्या हंड्यातलं. माझ्या पोटात अभिमान मावत नसे, खोटं कशाला बोलू.

शेला दोन पोरं. थोरला पुईखिन, धाकटी सौयिंग. बापाला दोघं आपा म्हणायची, आणि ती भावाला आहिया, म्हणजे दादा. शाळा सुटली की दोघं माझ्याच आजूबाजूला. मला शेगडीवरनं उतरवायला लागायचा पुईखिनचा दंड, आणि वरचा तवंग काढायला सौयिंगचा हात. इतकी हलक्यानं झारा फिरवायची की रश्श्याला कळायचंसुद्धा नाही. आपा म्हणायचा, "एकाला ताकद, एकीला जीभ. दोघांना मिळून बांधलं तर माझ्यासारखा एक आचारी होतो, तोही कसाबसा."

"मग तुम्ही एकट्यानंच करा," पोरगी म्हणायची.

"करतोच आहे. तुम्ही नुसतं खाताय."

एकदा मोठं वादळ आलं. सगळं शहर दारं लावून बसलेलं, गल्लीत गुडघाभर पाणी. मला वाटलं, आज कोण येतंय? तेवढ्यात शटर खडखडलं. आपा आला, चड्डी वर खोचलेली, आणि मागनं दोन्ही पोरं, 'घरी बसा' म्हटलेलं असताना. तो त्यांच्यावर ओरडतोय, ती एकमेकांना ढकलतायत, आणि शेगडी पेटलीसुद्धा. "वादळ आलं म्हणून तुम्ही जेवायचं थांबता का?" आपा म्हणाला. "मग हा कसा थांबेल?" उकळी येईपर्यंत तिघं माझ्याभोवती ओल्या कपड्यांनी शेकत बसले. छोट्या कपातला कडू चहा केला. माझ्या उभ्या आयुष्यात मला त्याच्याइतका गोड दिवस आठवत नाही.

आता शेची एक खोड सांगतो. माणूस मनानं चांगला, पण रस्सा द्यायची वेळ आली की त्याची जीभ एकाच शब्दाला अडायची : 'नंतर.' बदकं तोडणारा कांग काका, शेच्या खांद्याला खांदा लावून म्हातारा झालेला. त्याला आपल्या गावाकडं दुकान टाकायचं होतं. म्हणाला, "मालक, एक हंडा रस्सा द्या." शे म्हणाला, "देतो की. सण होऊ दे." सण झाला. "पाऊस संपू दे." पाऊस संपला. शेवटी कांगनं सुरा ठोकळ्यात रोवला आणि म्हणाला, "ठेव पोटाशी धरून! वर जाताना बरोबर ने." गेला तो गेलाच. उस्तादाचं दुकान तर केव्हाच बंद पडलं होतं. म्हणजे तो रस्सा आता अख्ख्या जगात उरला फक्त माझ्या पोटात.

पुढं विमानतळ दुसरीकडं हलला, आकाश गप्प झालं. पोरं मोठी झाली. पुईखिननं एका नव्या मॉलमध्ये काचेचं, गारेगार दुकान काढलं आणि बापाकडं रस्सा मागायला आला. बाप काय म्हणाला असेल?

"नंतर बघू."

पुईखिननं विकतची पूड पाण्यात कालवून बदकं शिजवली. लोक म्हणाले, शेच्या पोराच्या हाताला बापाची चव नाही. दुकान बसलं. आणि त्याच्या डोक्यात एकच घुसलं, की सौयिंगनंच बापाचे कान भरले, कारण बापाबरोबर दुकानात ती उभी राहायची. खरं सांगतो, तिला यातलं काही ठाऊकही नव्हतं. पण मी ओरडून सांगणार कसा? मला तोंड आहे मोठं थोरलं, पण ते फक्त वाढायला.

तेव्हापासून बहीणभाऊ एका वेळी दुकानात पाय ठेवीनात.

आपा एकदा मोरीत घसरून पडला. त्यानंतर त्याला जरा घाई सुटली. एका सकाळी तवंग काढणाऱ्या पोरीला म्हणाला, "सौयिंग, माझ्यामागं हंडा तुझा." ती म्हणाली, "असलं काही बोलू नका हो." मग एका दुपारी, ती बाजारात गेली असताना, पुईखिन आला. त्याला म्हणाला, "पुईखिन, माझ्यामागं हंडा तुझा." तो नुसता माझ्या कानाला हात लावून उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, म्हातारा लबाड. तसं नव्हतं. त्यानं हुंग होमला जाऊन, मला ठोकणाऱ्या त्याच कारागिराच्या मुलाकडनं दुसरा हंडा करून घेतला होता. तेच बूड, तेच कान. माझ्याशेजारी ठेवून उंचीला उंची लावून बघितली. दोघांच्या कानांसाठी लाल कागद आणले. थंडीच्या सणाला सगळं घर एका टेबलाशी बसून तांदळाच्या गोड गोळ्या खातं. तेव्हा दोघांना समोरासमोर उभं करायचं, ओगराळं हातात घ्यायचं आणि अर्धा-अर्धा वाढायचा. उस्तादानं दिला तसा. एक हंडा तिचा, एक त्याचा.

सण आला. सौयिंग दुपारी आली. पुईखिननं फोनवर विचारलं, "ती आहे का?" बाप म्हणाला, "आहे." तो ती गेल्यावर आला. बापानं त्याला सांगायचं की नाही? तिला तरी सांगायचं? नाही. त्याला ते दोघांसमोरच करायचं होतं, रीतीप्रमाणं, थाटात. पोरगा निघून गेल्यावर गार झालेल्या गोळ्या खात माझ्याकडं बघून म्हणाला, "पुढच्या सणाला." लाल कागद नव्या हंड्यात ठेवले, हंडा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला.

पुढचा सण त्याच्या नशिबात नव्हता.

मग कोर्ट सुरू झालं. आपानं काहीच लिहून ठेवलं नव्हतं. सौयिंग म्हणाली, दुकान आणि हंडा मला द्यायचं कबूल केलं होतं. पुईखिन म्हणाला, मला. आणि मित्रांनो, हंड्याबद्दल दोघंही शपथेवर खरंच बोलत होती! दोन्ही वेळेला हजर असलेला साक्षीदार एकटा मी. पण हंड्याला पिंजऱ्यात कोण उभं करतं?

दुकान कुणी चालवायचं यावर दोघांचं एकमत होईना. तेव्हा निकाल लागेपर्यंत सगळं सांभाळायला कोर्टानं एक रिसिव्हर नेमला. वकीलच होता, लुकसाहेब. बारीक माणूस, चष्मा कपाळावर, आणि सारखा हातरुमालानं मान पुसणारा. शटरवर कोर्टाचं सील लावलं, आतल्या वस्तूंची यादी करायला बहीणभाऊ दोघांना बोलावलं. एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. ठोकळा लिहिला, आकडे लिहिले, माळ्यावर बॅटरी मारून 'गुंडाळलेलं भांडं, एक' असंही कारकुनानं लिहून घेतलं. बहीणभावांपैकी कुणी मान वर करून बघितलं नाही. मग साहेबांनी माझं झाकण उचललं.

"हे काय आहे?"

"रस्सा," दोघं एकदम म्हणाली आणि एकदमच गप्प झाली.

"याचं काय करायचं?"

"सकाळ-संध्याकाळ उकळायचा," सौयिंग म्हणाली. "मी येत जाईन."

"हो, ये की! चोरून न्यायला डबा घेऊन ये," पुईखिन म्हणाला. "साहेब, मी येतो."

"ज्याला बापाची चव कधी जमली नाही तो येणार!"

"बघा साहेब, बघा कशी बोलते ती."

लुकसाहेबांनी मान पुसली. "दोघं बरोबर या."

"हा आत असेल तर मी पाय ठेवणार नाही."

"मलाही हिचा वारा नको."

साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून माझ्यात डोकावून बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. सांभाळायला कोर्टानं मला नेमलंय. मीच उकळतो."

आणि खरंच उकळला हो त्या माणसानं! रोज सकाळी कोर्टात जायच्या आधी आणि संध्याकाळी परत येताना. पहिल्या दिवशी शेगडीच पेटेना. दुसऱ्या दिवशी टायचं टोक रश्श्यात. अडलं की ते सौयिंगला फोन लावायचे, आणि ती हसून लोळायची, "वकीलसाहेब, टाय काढा आधी. त्याची चव उतरली तर आपा स्वप्नात येतील." तिनं त्यांना झारा कसा धरायचा शिकवलं. हळूहळू त्यांचा हात बसला. उकळी येईपर्यंत स्टुलावर बसून ते माझ्याशीच बोलायचे. घरी कुणी नव्हतं वाटतं त्यांना. "हंडोबा," म्हणायचे, "भांडणारी माणसं लय बघितली. पण ही दोघं ज्याच्यासाठी भांडतात त्याचा वास इतका चांगला असेल असं वाटलं नव्हतं."

वासच घ्यायचे हं नुसता. एक थेंब कधी चाखला नाही. कोर्टाची वस्तू! त्यांच्याइतका प्रामाणिक माणूस मी बघितला नाही. आणि तोच प्रामाणिकपणा पुढं नडला, ते सांगतोच.

आता गंमत बघा. पुईखिनही रोज सकाळी यायचा. आत नाही, बाहेर. शटरपाशी उभा राहून वास घ्यायचा, उकळी लागली की खोकून निघून जायचा. बापाचाच खोकला. मला ओळखू यायचा. एक दिवस नेमका त्याच वेळी लुकसाहेबांचा फोन स्पीकरवर होता आणि सौयिंग सांगत होती, "आता कुळिंजन टाका, जरा जास्तच टाका."

शटर धाडकन वाजलं. "साहेब! रिसिव्हर तुम्ही की माझी बहीण?"

"पुईखिन, ऐकून घ्या—"

"काय ऐकू? रस्सा तिच्या हातचा करून घेताय. उद्या जज विचारतील, चव कुणाची? ती म्हणेल, माझी!"

झालं. त्याच्या वकिलानं अर्ज केला, की रिसिव्हर एका बाजूचं ऐकतो. तिच्या वकिलानं उत्तर दिलं, की मग पुईखिननंही शटरपाशी फिरकू नये. सुनावणी शुक्रवारी ठरली. तोपर्यंत काय? कुणीतरी वकील म्हणाला, झाकणालाच सील लावून टाका, कुणीच हात लावायला नको. उद्या तर सुनावणी आहे, एका दिवसात काय होतंय?

गुरुवारी सकाळी लुकसाहेबांनी मला उकळी दिली. सह्यांसाठी बोलावलेली दोघं भिंतींना टेकून उभी. कागद पुढं आला. साहेबांनी विचारलं, "झाकण बंद करून चालेल ना याला?"

मित्रांनो, दोघांना माहीत होतं. गरम रस्सा झाकून कोंडायचा नसतो, हे आपानं त्यांना चालायच्या आधी शिकवलं होतं. सौयिंगनं भावाकडं बघितलं : हा म्हणेल 'नको'. पुईखिननं बहिणीकडं बघितलं : ही म्हणेल 'नको'. दोघं एकमेकांच्या ओठांकडं बघत राहिली. मग त्यानं सही केली, आणि त्यानं केली म्हणून तिनंही. एवढ्या भांडणात दोघांच्या सह्या एकत्र असलेला तो एकच कागद.

माझं झाकण तारेनं बांधलं, वर लाखेचा शिक्का. शटर खाली आलं.

आणि शुक्रवारी वादळ आलं.

वादळाचा बावटा चढला की सगळं बंद होतं, कोर्टसुद्धा. सुनावणी सोमवारवर गेली. आत मी, अंधार, आणि पोटात कोंडलेली ऊब. पाणी शटरखालून आत आलं. दुपारी मला चपलांचा आवाज आला, फटक-फटक. त्या चपला मी पोरगी एवढीशी होती तेव्हापासून ओळखतो. सौयिंग शटरपाशी आली. सीलवर हात ठेवला असावा, कारण पत्रा जरासा वाजला. सील तोडायचं म्हणजे तुरुंग, हे तिला वकिलानं सांगितलेलं. पण तिला भीती तुरुंगाची नव्हती. 'बघा, ती चोरून शिरली' असं तो म्हणेल, ती भीती. बराच वेळ तिथं उभी राहून ती गेली.

थोड्या वेळानं खोकला ऐकू आला. पुईखिन. तोही उभा राहिला. त्यानं तर शटरला कपाळ टेकलं, मला तो आवाज कळला. आणि तोही गेला.

त्याच गल्लीत, त्याच पाण्यात, एकमेकांच्या मागं-पुढं चालून गेली दोघं. मी आत म्हणत होतो, अरे, एकदा बरोबर या! मागं एकदा आला होतात की, एकमेकांना ढकलत, बापाच्या मागनं!

शनिवारी लुकसाहेबांनी दोघांना फोन केले. कोर्ट बंद आहे, दोघं हो म्हणालात तर लगेच सील काढतो. तिनं सांगितलं, "आधी त्याला विचारा." त्यानं सांगितलं, "आधी ती हो म्हणू दे." साहेबांचा फोन शेवटी बंद पडला बिचारा.

रविवारी माझ्या पोटात काहीतरी फिरलं. कसं सांगू तुम्हाला? इतकी वर्षं जे माझ्यात जिवंत होतं, ते गप्प झालं. मग त्याला फेस यायला लागला.

सोमवारी जजसाहेबांनी अर्ज पुरता वाचलाही नाही म्हणतात. म्हणाले, "दोघं आत्ताच्या आत्ता बरोबर जा, आणि शेगडी पेटवा." लुकसाहेबांनी तार कापली. झाकण उचलायला सौयिंग पुढं झाली आणि अर्ध्यातच थांबली. वास बाहेर आला होता.

टोमणा नाही, शिवी नाही. लुकसाहेब कोट काढायला लागले, तर पुईखिन म्हणाला, "राहू द्या साहेब. हा आमचा आहे." त्यानं माझा एक कान धरला. सौयिंगनं दुसरा, वाकडा. आणि मला उचलून दोघं मागच्या मोरीकडं निघाली. माझे दोन कान त्या दोघांनी एकत्र धरले, ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि कशासाठी, तर मला ओतून टाकायला.

रस्सा गेला. उस्तादाचा, आपाचा, सगळाच्या सगळा. फरशीवर काळा ओघळ राहिला.

"माळ्यावर वर्तमानपत्रं असतील," सौयिंग म्हणाली. "पुसायला घे."

पुईखिन शिडीवर चढला. "इथं काहीतरी जड आहे गं." त्यानं गाठोडं खाली आणलं. कागद सोडला, तर आत नवा कोरा हंडा. ठोकलेला, जाड बुडाचा. आत घडी घातलेले लाल कागद. चार.

सौयिंगनं तो उचलून माझ्याशेजारी ठेवला. उंचीला उंची. मग ती खालीच बसली, ओल्या फरशीवर.

"आहिया," ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी त्याला आहिया म्हणाली. "मला आपा म्हणाले होते, हंडा तुझा."

"मलाही म्हणाले होते."

"कुठला, ते म्हणाले?"

"नाही. तू विचारलंस?"

"नाही."

"मीही नाही."

लुकसाहेबांचा चष्मा हातात होता. त्यांना काही कळेना, तेव्हा पुईखिननं त्यांना उस्तादाची गोष्ट सांगितली, अर्धा रस्सा ओतल्याची आणि दुसऱ्या दिवशी चाखल्याची. त्याला ती शब्द न् शब्द पाठ होती. तिलाही होती. मध्येमध्ये ती त्याची चूक दुरुस्त करत होती. साहेब ऐकून म्हणाले, "म्हणजे एक वाटीसुद्धा उरली असती, तरी...?"

"वाटी कशाला साहेब, एक डबाभर तुम्ही चोरून घरी नेला असतात, तर पाया पडले असते मी तुमच्या," सौयिंग म्हणाली आणि हसली. त्या हसण्यातच तिला रडू फुटलं. भावानं तिच्या पाठीवर हात ठेवला, जरा लांबूनच, सवय मोडलेली ना.

भांडण तिथंच संपलं. दुकानाची जागा सोडली, बाकीचं वाटून घेतलं, वकिलांना फार काही करावं लागलं नाही. राहिलो मी. लुकसाहेबांनी विचारलं, जुना हंडा कुणाला? पुईखिन म्हणाला, "तिला द्या." सौयिंग म्हणाली, "त्यालाच द्या, थोरला आहे." आधी दोघं मला ओढत होती, आता दोघं मला ढकलतायत. रिकामा बघवत नाही म्हणतात. साहेब म्हणतात, एकानं घेतल्याशिवाय माझं काम संपत नाही, कोर्टाला शेवटचा अहवाल देता येत नाही. म्हणून मी इथं, गोदामात, कानात चिठ्ठी घालून. साहेब अधूनमधून येतात, रुमालानं माझ्यावरची धूळ पुसतात, माझ्यात तोंड घालून वास घेतात. काही येत नाही.

माझ्याशेजारी तो नवा हंडा आहे. तोही कुणी नेला नाही, त्यालाही चिठ्ठी. अंगावर एक ओरखडा नाही, पोटाला कधी आच नाही. परवा मला म्हणाला, "आजोबा, रस्सा कसा असतो?"

मी सांगायला लागलो. काळाभोर असतो, विमान गेलं की हिंदकळतो, वादळात त्याच्याभोवती माणसं शेकत बसतात. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मग माझ्यात का नाही घातला?"

काय उत्तर देऊ त्याला? तुम्हीच सांगा.

मित्रांनो, तुमच्या घरातही असं काहीतरी असेल, जे दिल्यानं कमी होत नाही. आजीच्या हातची एखादी चव असेल, बापाकडची एखादी कला, नाहीतर नुसता एक गोड शब्द. ते सणाची वाट बघत माळ्यावर टाकू नका. ज्याला द्यायचं त्याला आज द्या, सगळ्यांसमोर द्या. आणि भावाबहिणीच्या ओठांकडं बघत बसू नका, 'नको' आपणच आधी म्हणा. आम्ही हंडे, आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.